पदरची वाक्यं

आमच्याकडच्या हौशी रंगभूमीची एक विचित्र रीत आहे. तीन-तीन महिने तालमी करायच्या, सुतार बोलावून रंगमंचावर घर उभं करायचं, त्याच्या खिडक्यांना पडदे शिवायचे, आणि ते सगळं एका संध्याकाळी स्पर्धेत तीन परीक्षकांपुढे करून टाकायचं. दुसऱ्या दिवशी ते घर टेम्पोत भरून कुणाच्या तरी गोठ्यात नेऊन टाकतात आणि नाटक संपतं, कायमचं. निकाल लागेपर्यंत आम्ही एकमेकांना फोन करतो, निकाल लागला की परीक्षकांना शिव्या देतो आणि पुढच्या वर्षीची संहिता शोधायला लागतो. मी अशी बावीस वर्षं काढली. बावीस नाटकं आणि जवळजवळ तेवढेच प्रयोग. अभिनयाची प्रमाणपत्रं बरीच आहेत. बायकोने ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहेत, पाहुण्यांना दिसणार नाहीत अशी.

मधली दोन वर्षं पुण्यात गेली. तिथे मला दोन प्रकारच्या भूमिका मिळाल्या, वॉचमन आणि शिपाई. दोघांनीही ‘मले-तुले’ म्हणायचं आणि लोकांनी हसायचं, एवढंच काम. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका दिग्दर्शकाने सांगितलं की तुमचं वऱ्हाडी अजून थोडं वऱ्हाडी करा. मी डोक्यात राख घालून अमरावतीला परत आलो. गावात लोक म्हणाले, याला तिकडे कुणी विचारलं नाही. तेही अगदीच खोटं नव्हतं.

परत आल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि पन्नाशीला ती सोडली. घर बायकोच्या मास्तरकीवर चाललं, हे मी इथे एकदाच लिहितो, कारण ती ते कधी बोलून दाखवत नाही. नोकरी सोडताना मी ठरवलं होतं की आता स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत आणि सुतारही नाही. नाटक असं करायचं की ते एसटीत बसलं पाहिजे. दोन पात्रं, एक पत्र्याची पेटी, आणि जिथे जाऊ तिथल्या दोन खुर्च्या. मी ते लिहिलं, बसवलं आणि त्यात कामही केलं.

नाटक साधं होतं. एक म्हातारा आणि त्याची बायको अकोटच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट बघत बसलेत. म्हातारा कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेला. आपण जिवंत आहोत हे पेन्शनच्या साहेबाला दाखवायला त्याला जायचंय. गाडी येत नाही. पंचावन्न मिनिटं दोघं बोलतात, भांडतात, डबा सोडून खातात, आणि गाडी येते तेव्हा म्हातारा म्हणतो, जाऊ दे, उद्या जाऊ. ते आम्ही शाळांत केलं, वाचनालयांत केलं, विहाराच्या सभागृहांत केलं, हंगाम संपलेल्या जिनिंगच्या आवारात केलं. एकदा चिखलदऱ्याला हॉटेलात काम करणाऱ्या पोरांसाठी दुपारी तीन वाजता केलं, कारण तेवढाच वेळ त्यांना मोकळा होता. लोक मध्येच बोलायचे. म्हातारा फार ताणून धरायला लागला की पुढच्या रांगेतली एखादी बाई म्हातारीला सांगायची, ‘सांग ना त्याले आता’. पुण्यात हे झालं असतं तर मी नाटक थांबवलं असतं. इथे मला ते आवडायचं.

म्हातारीचं काम करणारी बाई अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. आमच्या ग्रुपमध्ये सगळे तिला सिस्टरच म्हणत. मीही तेच म्हणायचो. वयाने माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, पण पांढरं लुगडं नेसून खुर्चीवर बसली की गुडघेसुद्धा साठीचे वाटायचे. म्हाताऱ्या बायका कशा उठतात-बसतात हे ती रोज वॉर्डात बघत होती. नाटक ती आपल्या वस्तीत शिकली, जयंतीच्या कार्यक्रमांत. म्हणून एप्रिलच्या चौदा तारखेला ती आमच्या प्रयोगाला कधीच येत नसे. त्या दिवशी ती वस्तीतल्या नाटकात असायची आणि आम्ही गुमान प्रयोग पुढे ढकलायचो. बोलायला कमी. मी तिला काही सांगितलं की तिचं एकच उत्तर असायचं, ‘बरं’. त्या ‘बरं’चा अर्थ हो आहे की नाही हे मला कधी कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

आता माझ्या वहीबद्दल सांगायला हवं.

हौशी नटांना टाळ्यांचा सोस असतो. समोरून हशा आला की ते संहितेत नसलेलं एखादं वाक्य आपल्या पदरचं घालतात. त्यावर हशा आला की आणखी एक घालतात. मी स्पर्धेच्या दिवसांत अशा पदरच्या वाक्यांनी चांगली नाटकं नासलेली पाहिली होती. म्हणून स्वतःचं नाटक काढलं तेव्हा पहिला नियम हाच केला की संहितेबाहेर एक शब्द नाही. प्रयोग संपला की मेकअप पुसायच्या आधी सगळ्यांनी पेटीभोवती जमायचं आणि मी वहीतून चुका वाचायच्या. कुणाची चूक असेल त्याने ती सगळ्यांसमोर ऐकायची. उत्तर द्यायचं नाही. मला वाटायचं की शिस्त म्हणतात ती हीच. आमच्या आधीच्या पिढीला कुणी अशी वही वाचून दाखवली असती तर बरं झालं असतं, असंही मी एकदा भाषणात म्हणालो होतो.

वहीत माझ्या चुका नसायच्या. वही मीच लिहायचो.

नाटकाला पाच वर्षं होत आली तेव्हा सिस्टरने पदरची वाक्यं घालायला सुरुवात केली. आधी एखादंच आणि बारीकसं. मी लिहिलं, वाचलं, ती ‘बरं’ म्हणाली. पुढच्या प्रयोगाला दोन झाली. कधी महिनाभर काही नाही, मग एकदम चार. मला आश्चर्य वाटलं, कारण तिला टाळ्यांचा सोस कधीच नव्हता. मग आश्चर्य संपलं आणि राग यायला लागला. माझं लांबलचक स्वगत सुरू व्हायच्या ऐन वेळी ही मध्ये तोंड घालायची. मी एक क्षण थांबलो की हिचं वाक्य आलंच. त्या थांबण्याला मी ‘पॉज’ म्हणायचो. म्हातारा आठवत बसलाय, असा तो पॉज. आणि ही माझा पॉज खाते, असं माझं ठाम मत झालं. लाइट सांभाळणारा आमचा मित्र, जो नोकरीने पोस्टात होता, मला एकदा म्हणाला, जाऊ द्या भाऊ, प्रयोग तं चांगलाच झाला ना. मी त्यालाही झापलं.

अकोल्यात एका शाळेच्या सभागृहात रविवारी दुपारी प्रयोग होता. त्या दिवशी तिने सहा ठिकाणी पदरचं घातलं, आणि एका वाक्यावर सगळं सभागृह खदखदून हसलं. ते वाक्य माझ्या नाटकातल्या माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त चाललं, हे मी आज कबूल करतो. प्रयोगानंतर आम्ही पेटीभोवती जमलो. शाळेतले मास्तर चहाचे कप घेऊन उभे होते, त्यांच्या बायका होत्या, आठ-दहा मुली म्हातारीला जवळून बघायला आल्या होत्या. मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. सहाच्या सहा चुका वाचल्या आणि वर म्हणालो, ‘टाळ्यांचा एवढा सोस असेल तर ऑर्केस्ट्रात जा सिस्टर. इथे नाटक चालतं.’

ती ‘बरं’ म्हणाली. आत जाऊन तिने लुगडं बदललं, त्याची नीट घडी घातली, पेटीत ठेवली, पर्स घेतली आणि गेली. चहा तिने घेतला नाही. एका मुलीने तिच्या मागे धावत जाऊन सही मागितली तेव्हा ती थांबली आणि सही दिली, एवढं मी दारातून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी फोन करून मी तिला सांगितलं की पुढच्या प्रयोगापासून दुसरी नटी घेतोय. तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं की बीपीच्या गोळ्या वेळेवर घेता ना. मला तो टोमणा वाटला. मी फोन ठेवला.

नवीन मुलगी अमरावतीची, नाट्यशास्त्र शिकलेली. आठ दिवसांत तिने संहिता पाठ केली, स्वल्पविरामासकट. मी खूश. तालमीला मी दिग्दर्शक म्हणून कायम संहिता हातात धरूनच उभा असतो, पहिल्या दिवसापासूनची सवय. त्यामुळे तालमी झकास झाल्या. ग्रुपमध्ये मी दोनदा तरी म्हणालो असेन की याला म्हणतात पाठांतर.

तिचा पहिला प्रयोग अकोटच्या एका कॉलेजात होता, सकाळी अकराला. आसपासचे गावकरीही बोलावलेले. पहिली वीस मिनिटं छान गेली. मग तिने तिचं वाक्य म्हटलं, अगदी लिहिलेलं, आणि पुढचं वाक्य माझं होतं. ते नव्हतं. म्हणजे सुचत नव्हतं असं नाही. ते जिथे असतं तिथे काहीच नव्हतं. मी पॉज घेतला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिने तिचं वाक्य परत एकदा म्हटलं, तेवढंच शब्दशः, आणि पुन्हा गप्प बसली. मी डबा उघडला, झाकण लावलं, परत उघडलं. लोकांना वाटलं म्हातारा असाच आहे. ते थोडे हसले, मग हसायचे थांबले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, ‘बुढा इसरला वाटते.’ तिच्या आवाजात टिंगल नव्हती. तिला माझी दया आली होती. मी खुर्चीवरून उठलो, गाडी आली असं म्हणालो आणि एकदम शेवटावर उडी मारली. पंचावन्न मिनिटांचं नाटक अर्ध्या तासात संपलं.

पेटीभोवती जमलो. मी वही उघडली आणि मुलीच्या नावापुढे लिहिलं की समोरचा अडकला तरी सावरलं नाही. तेच वाचलं. ती मुलगी चुका ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हती. ती म्हणाली, ‘सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, संहितेबाहेर एक शब्द नाही.’ मी वही मिटली. लाइटवाला मित्र खाली वाकून वायर गुंडाळत होता. ती गुंडाळून झाली तरी तो वाकलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी वही घेऊन बसलो. का बसलो ते खरं सांगतो. मला स्वतःची खात्री करून घ्यायची होती की हे पहिल्यांदाच झालं, की अकोटला ऊन होतं, हॉल परका होता, मुलगी नवीन होती. मी संहितेचं पान अकरा काढलं, जिथे अडकलो ते, आणि वहीत मागे जाऊन त्या पानावर आधी काय काय झालं ते शोधलं. पान अकरावर सिस्टरची चूक होती. मागच्या प्रयोगात होती, त्याच्या मागच्यात होती. तिचं पदरचं वाक्य मीच माझ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘त्या जिनिंगच्या भोंग्याचं काय म्हनत होते तुमी?’ आणि संहितेत त्याच्याखाली माझं वाक्य होतं: ‘जिनिंगचा भोंगा वाजला का माही माय भाकर टाके.’

मग मी सगळीच वही संहितेशेजारी ठेवून बघितली. पान सतरा: ‘तुमी सायबाले सांगतलं ना, का मी जित्ता हावो म्हनून?’ माझं पुढचं वाक्य: ‘मी सायबाले म्हनलं, मी जित्ता हावो. तं साहेब म्हने, कागद दाखव.’ ज्याच्यावर सगळं सभागृह हसलं होतं ते सिस्टरचं वाक्य हेच. पान बावीस, पान सव्वीस, सगळीकडे तेच. तिच्या प्रत्येक पदरच्या वाक्यात माझ्या पुढच्या वाक्याचं टोक होतं. ते ती माझ्या हातात देत होती आणि मी ते पकडून पुढे जात होतो. आणि नंतर पेटीपाशी उभं राहून, बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिला त्याबद्दल बोलत होतो. दीड वर्षं.

मग राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी बायकोवर ओरडलो की चहा गार आहे. चहा गरम होता. तिने कपाला हात लावून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि शाळेत गेली.

तीन दिवस मी कुणाशी बोललो नाही. लाज वाटत होती हे खरं, पण तीन दिवस मी लाजेने गप्प होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी भ्यालो होतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, हातात नोकरी नाही, दुसरी कला नाही. रंगमंचावर उभं राहता येतं एवढ्याच एका गोष्टीवर मी आयुष्यभर सगळ्यांशी भांडलो होतो. तेच जर जाणार असेल तर मी कोण, हा प्रश्न मला त्या तीन दिवसांत पडला आणि त्याचं बरं वाटेल असं उत्तर सापडलं नाही.

चौथ्या दिवशी अकोल्याची गाडी पकडली. सिस्टरची सकाळची ड्युटी दोनला सुटायची. मी साडेबारापासून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. गाडीत मी बोलायचं सगळं जुळवलं होतं, चांगलं भाषणच. ती एका पेशंटची सलाईनची बाटली हातात घेऊन बाहेर आली, मला पाहिलं, बसा म्हणाली आणि परत आत गेली. सुटल्यावर येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. भाषण बाजूला राहिलं. मी एवढंच म्हणालो की वही वाचली.

‘आता वाचली?’ ती म्हणाली.

मी विचारलं की हे कधीपासून. तिने सांगितलं की पहिल्यांदा दर्यापूरच्या प्रयोगात. तेव्हा तिला वाटलं होतं की माझं लक्ष नाही. दोन-तीन प्रयोगांनंतर तिला समजलं, कारण असं अडकून डोळे फिरवणारी माणसं ती वॉर्डात बघते. ग्रुपमध्ये कुणाकुणाला माहीत होतं असं मी विचारलं, तर म्हणाली, सगळ्यांनाच. लाइटवाला तर कधी कधी तिला आधीच खुणावायचा. मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी खरं तर आलो होतो, की मला कुणी सांगितलं का नाही.

‘तुमाले सांगून काय झालं असतं?’ ती म्हणाली. ‘एक तं तुमी नाटक बंद केलं असतं. नाहीतं मले काढलं असतं.’ मग म्हणाली, ‘काढलंच.’

मी माफी मागायला लागलो. तिने हात वर केला. दवाखान्यात नातेवाइकांनी गर्दी केली की करते तसा. ‘इथं नोका बोलू. जिथं वही वाचली तिथं बोला. डॉक्टरले दाखवलं काय?’

दाखवलं नव्हतं. ओपीडी उठायला आली होती. तिने मला दंडाला धरून नेलं, खिडकीवर स्वतः केसपेपर काढला आणि डॉक्टर खुर्चीवरून उठायच्या आत मला समोर बसवलं. पुढे तपासण्या झाल्या, दोन महिने गेले. डॉक्टर तरुण होते आणि सरळ बोलणारे. ते म्हणाले की रोजच्या जगण्यात सध्या अडचण नाही, औषध देतो, पण आधीसारखं होईल असं मी सांगणार नाही. पंचावन्न मिनिटांचं पाठांतर करून लोकांसमोर उभं राहणं सोडा असं ते म्हणाले नाहीत. तुम्ही ठरवा, म्हणाले. ते म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्यावर खापर फोडता आलं असतं.

मी सिस्टरला फोन केला. रिपोर्ट सांगितले आणि परत या म्हणालो. मनात माझा हिशेब असा होता की ती आली तर पूर्वीसारखंच चालेल. ती मला टोक देईल, मी पकडीन, वही बंद करू, कुणाला काही कळायचं नाही. हे मी तिला बोललो नाही, पण तिला कळलं असावं.

‘मी येईन,’ ती म्हणाली. ‘बाईचं काम माह्यंच हाय, ते मी सोडलं नव्हतं. पन बुढ्याचं तुमी नोका करू आता.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘तुमी वर असले का मले दोन कामं करा लागते भाऊ. माह्यंवालं राहून जाते.’

दीड वर्ष मी एका चांगल्या नटीकडून स्वतःचं काम करून घेत होतो, आणि ते करताना तिचं काम किती बुडतंय हे दिग्दर्शक म्हणून मला दिसलं नव्हतं. मला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत मी बरंच काही करून पाहिलं. संहिता डब्यात चिकटवून पाहिली, तळहातावर शब्द लिहून पाहिले, आरशासमोर रोज पूर्ण नाटक म्हणून पाहिलं. एक दिवस सगळं बिनचूक यायचं आणि मी मनातल्या मनात सिस्टरशी भांडायचो. दुसऱ्या दिवशी पान अकराच्या पुढे जाता येत नसे. शेवटी मीच लाइटवाल्या मित्राकडे गेलो आणि म्हाताऱ्याचं काम तू कर म्हणालो. तो मला टाळायला लागला, नाही म्हणाला, पाप लागेल म्हणाला. मी म्हणालो, पहिलं वाक्य म्हण. त्याने म्हटलं. दुसरं म्हण. त्याने पोस्टातल्या टेबलावर बसून सगळं नाटक म्हणून दाखवलं. सात वर्षं विंगेत उभं राहून त्याला ते पाठ झालं होतं. नवी मुलगी लाइट बघते म्हणाली. ती हे म्हणताना सुटल्यासारखी दिसली आणि मी तिला दोष देत नाही.

प्रयोग अकोल्याच्या त्याच शाळेत ठेवला. सिस्टरने दुसरी कुठलीच जागा मान्य केली नाही.

मी तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. माझं नाटक मी समोरून कधी पाहिलंच नव्हतं. मित्र पहिल्या पाच मिनिटांत घाबरला, मग रुळला. त्याचा म्हातारा माझ्यापेक्षा गरीब होता, माझ्यापेक्षा कमी चिडका, आणि लोकांना तो आवडला. मला त्याचा हेवा वाटला. पण थोड्या वेळाने मी त्याच्याकडे बघायचं विसरलो. मी सिस्टरकडे बघत होतो. ती नुसती ऐकत होती. नवरा बोलतोय आणि बायको ऐकतेय, त्याने हे हजारदा सांगितलंय तरी ऐकतेय, कधी कंटाळून, कधी चुकून हसू येऊन. दीड वर्ष तिला असं ऐकता आलं नव्हतं, कारण मी कुठे पडतो याच्यावर तिचं लक्ष असायचं. पंचावन्न मिनिटांत तिने संहितेबाहेर एक शब्द उच्चारला नाही. मी लिहिलेली तिची वाक्यं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मला रडू आलं. शेजारच्या माणसाने विचारलं, तुमचे कोनी लागतात काय ते दोघं. मी हो म्हणालो.

प्रयोगानंतर सगळे पेटीभोवती जमले. मास्तर होते, त्यांच्या बायका होत्या, काही मुली मागच्या वेळच्याच असाव्यात. सिस्टर लुगड्यातच पेटीवर बसली. मी वही काढली आणि सांगितलं की यातल्या ज्या चुका सिस्टरच्या नावावर लिहिल्यात त्या माझ्या आहेत. मला वाक्यं आठवत नव्हती. सिस्टर मला ती देत होत्या आणि मी त्याबद्दल इथेच, तुमच्यासमोर, त्यांचा अपमान केला. मग दर्यापूरपासून वाचायला लागलो. तारीख, पान, तिने काय म्हटलं, मला काय आठवत नव्हतं. पहिली चार पानं वाचली. पाचव्यावर आवाज बसला. मी पाणी प्यायलो आणि परत सुरुवात केली, पण आवाज येईना. नवी मुलगी हळूच म्हणाली, राहू द्या ना सर, कळलं सगळ्यांना. मास्तरही म्हणाले, हो हो, असू द्या. मित्राने पुढे येऊन माझ्या हातातून वही घेतली.

‘राहू नोका देऊ,’ सिस्टर म्हणाली. ‘माह्या टायमाले कोनी राहू द्या म्हनलं नव्हतं. वाचा भाऊ.’

मी वही परत घेतली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली.